फलक धरलेला माणूस

खोकी परत येतील या धास्तीने वहिनीने सकाळीच माळ्याची शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

तिचं म्हणणं सरळ होतं. चळवळीची ती खोकी तिच्या लग्नाच्याही आधीपासून या घरात होती, तेव्हा मान त्यांचा मोठा, हे तिला कबूल. पण मागच्या वर्षी लेकीने ती आपल्या अभिलेखागारात नेली आणि माळ्यावर पहिल्यांदा जागा झाली. त्या जागेत आता जादा गाद्या, पंखा आणि पाहुण्यांची घडीची खाट चढली होती. "काय वाद घालायचे ते घाला," तिने नवऱ्याला बजावलं, "पण खोकी माझ्या घरात परत यायची नाहीत. वाळवीला पुन्हा जेवू घालणार नाही मी."

नवरा, म्हणजे भाऊ, आरशासमोर तिसरा शर्ट घालून बघत होता. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस आपल्याच घरात आपल्या बहिणीला आणि पुतण्याला भेटायला इतके शर्ट बदलतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं वहिनीला कळत होतं. पण विचारून या माणसाने आजवर काही सांगितलं असतं तर ती विचारती ना. तिने कप धुवायला घेतले.

घोडं अडलं होतं एका फोटोपाशी. धुलाई कामगारांच्या चळवळीची खोली अभिलेखागारात पुढच्या आठवड्यात उघडायची होती. पत्रकं, कापडी फलक, सभांच्या ध्वनिफिती, सगळं जागच्या जागी लागलं होतं. दारासमोरची अख्खी भिंत त्या एका फोटोसाठी ठेवलेली. पहिला मोर्चा. इस्पितळांच्या चादरी धुणारी माणसं, ज्यांना तोवर इस्पितळात मागच्या दाराने यावं-जावं लागे आणि त्याच इस्पितळात भाजल्यावर औषधही मागच्या दाराशी उभं राहून घ्यावं लागे, ती सगळी रस्ता भरून चाललेली. सगळ्यांत पुढे एक तरुण, दोन्ही हातांत बांबू, बांबूंवर ताणलेली चादर, चादरीवर लिहिलेलं: आम्ही पुढच्या दाराने येणार. तरुणाला चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी नीट कापलेलं भोक.

हा तरुण म्हणजे भाऊ, हे सगळं जग जाणून होतं. संघटनेच्या कार्यालयाच्या भिंतीवर हेच चित्र रंगवलंय आणि तिथे पेंटरने भोकाच्या जागी भाऊचा चेहरा काढलाय, मिश्यांसकट. पण भाऊच्या मेलेल्या धाकट्या भावाच्या मुलाने अभिलेखागाराला कळवलं, की तो तरुण माझा बाप आहे. फोटोखाली खरं नाव घाला, नाहीतर माझी संमती नाही. खोकी ठेवून गेले होते अण्णा, या भावंडांचे वडील, आणि ती तिन्ही मुलांच्या नावाने ठेवून गेले होते. एका शाखेने नाही म्हटलं की सगळा पसारा माघारी. म्हणून आजची बैठक.

"शिडी कुठाय?" भाऊने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"कशाला हवी?"

"काही नाही. दिसली नाही म्हणून."

"नाहीच दिसणार," वहिनी म्हणाली.

*

धाकट्याचा मुलगा दंतवैद्य होता. या घरात त्याचा उल्लेख झालाच तर 'दातवाला' असा होई, आणि तोही चेहऱ्यावर आठी घालून. धाकटा संपाच्या वर्षी काम बंद असताना फाटकातून आत कामावर गेला होता. तो गेला म्हणून बॉयलरवरची सगळी पाळी त्याच्यामागून आत गेली, आणि मिटायला आलेला संप आणखी वर्षभर लांबला. त्या दिवसापासून अण्णांनी त्याचं नाव टाकलं. अण्णा गेले तरी नाव टाकलेलंच राहिलं.

दातवाला ठरल्या वेळेच्या आधी आला आणि जिन्यातच थांबून राहिला. या दाराची घंटा त्याने जन्मात कधी वाजवली नव्हती. शेवटी खालून अक्का धापा टाकत वर आली, तिने त्याला बघितलं आणि म्हणाली, "भिंतीला टेकू लावून उभा आहेस का? चल आत."

अक्का, तिघांतली थोरली. ऐंशीला टेकली होती, लग्न केलं नव्हतं, आणि धुलाईतल्या गरम रोलरवर आयुष्य काढल्यामुळे तिच्या उजव्या हाताची बोटं सरळ होत नसत. ती आत येऊन खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं: "अरे, ही खालची कवळी परत टोचतेय. जाताना बघ जरा."

भाऊने पेला खाली ठेवला. "कोणाला म्हणतेस?"

"याला. दुसरा दातवाला कोण आहे इथे?"

"तू याच्या दवाखान्यात जातेस?"

"मग काय तुझ्या संघटनेच्या कार्यालयात जाऊ दात बसवायला?"

"किती दिवस चाललंय हे?"

"दात पडायला लागले तेव्हापासून," अक्का म्हणाली.

दातवाल्याने मान खाली घातली. त्याला हसू येत होतं आणि इथे हसणं बरं दिसलं नसतं. पंधरा वर्षं ही बाई त्याच्या खुर्चीत तोंड वासून बसत आली होती. तिने त्याच्या बापाबद्दल कधी अक्षर काढलं नव्हतं, आणि तोंडात त्याचे हात असताना त्यालाही काही विचारता आलं नव्हतं. आज विचारायचं म्हणून तो आला होता. पण तिने आल्याआल्याच त्याची बाजू घेतली होती की नुसती कवळीची तक्रार केली होती, हे त्याला समजेना.

"काका, मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"कागदावर तर भांडलासच."

"मी खरं काय ते लिहा म्हटलं."

"खरं! तुझा जन्म कधीचा? तू होतास मोर्चात?"

"मी नव्हतो. बाबा होते. मी लहान असताना त्या रंगवलेल्या भिंतीवरून जाताना ते म्हणायचे, हा मी आहे. शाळेत मला पोरं गद्दाराचा पोरगा म्हणून चिडवायची, आणि हे मला भिंतीवर तुमचा चेहरा दाखवून सांगणार की तो मी. एकदा मी त्यांना तोंडावर म्हणालो, थापा मारू नका. त्यानंतर त्यांनी तो रस्ताच सोडला."

वहिनीने चहा आणला होता, तो तिने जरा जोरातच टेबलावर ठेवला.

"थापाच होत्या," भाऊ म्हणाला. पण त्याने ते चहाच्या कपाकडे बघत म्हटलं.

*

भाऊच्या लेकीला सगळं खानदान खारू म्हणत असे, कारण चालायला लागल्यापासून ती बसची तिकिटं, चिंध्या, तुटकी पेनं जमवत आली होती. मोठी होऊन तिने त्याचाच धंदा केला. अभिलेखागारात तिच्या हाताखाली बाकीच्यांच्या घरातले कागद यायचे, तेव्हा ती त्या-त्या घरच्यांना शांतपणे सांगायची: आठवणींना पुरावा लागतो, पुराव्याला साक्ष लागते, आणि दोन्ही नसेल तर आम्ही 'अज्ञात' लिहितो. स्वतःच्या बापासमोर बसून हे सांगायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने हातमोजे घातले, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि पाकिटातून फोटो काढले.

"आत्या, हे कापणं तू एकदा नीट सांग. मी ध्वनिमुद्रण करतेय. चालेल?"

"कर की. मेल्यावर ऐकाल."

"आत्या!"

"बरं. पोलिस झडतीला यायचे. निगेटिव्ह अण्णांनी चुलीत घातल्या. फोटोही घाला म्हणून लोक म्हणत होते. अण्णा म्हणाले, नाही. मोर्चा दिसला पाहिजे, माणसं दिसता कामा नयेत. मग मी दाढीच्या ब्लेडने चेहरे कापायची. एकेक. रोलरवरून सुटून आले की हेच काम."

"आणि कापलेले चेहरे?"

"ते कशाला टाकीन? माणसं होती ती आपली." अक्काने पिशवीतून बटणांचा डबा काढला. "दिवस बरे आले की परत चिकटवायचे, असं ठरलं होतं. दिवस बरे आले, पण तोवर जो तो आपापल्या कामाला लागला."

तिने डबा पांढऱ्या कापडावर उपडा केला. बटणं एकीकडे घरंगळली आणि त्यांच्यातून चेहरे पडले. नखाएवढे, काही त्याहून लहान. बायका, बाप्ये, एक टोपीवाला, एक डोळे मिटलेला. एवढी वर्षं ती या माणसांच्या खांद्यांची आणि चपलांची नोंद करत होती, आणि ही सगळी मंडळी दोन गल्ल्यांपलीकडे अक्काच्या घरी बटणांत पडून होती.

"आत्या, तू मला हे कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस? तू आलीस ती माळ्यावरची खोकी न्यायला. माझ्याकडे काय आहे हे कोणी विचारलं?"

हे खरं होतं. खारूने ते मुकाट्याने गिळलं आणि चिमटा हातात घेतला.

काम सोपं निघालं. अक्काचा हात तेव्हा तरबेज होता, पण ब्लेड दर वेळी थोडं वेगळं फिरे. कुठे हनुवटीशी कोन, कुठे कानापाशी ओरखडा. भोक आणि चेहरा एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसत होते. पाचव्या रांगेतली बाई बसली. टोपीवाला बसला. अक्का एकेकाचं नाव, पाळी, राहायची जागा सांगत होती आणि मध्येच, "हा मेला फार बोलायचा," असंही म्हणत होती. दातवालाही आपला दवाखान्यातला बारीक चिमटा काढून कामाला लागला. चिमट्यावरचा हात त्याचा खारूपेक्षा सफाईदार होता, आणि जरा वेळाने दोघं चुलत भावंडं एकमेकांना न विचारता वस्तू देऊ-घेऊ लागली. भाऊ गॅलरीत जाऊन उभा राहिला.

डबा रिकामा झाला. मागच्या रांगांतल्या सगळ्यांना चेहरे आले. पुढे चालणाऱ्याचं भोक तसंच राहिलं.

"हा कुठाय?" खारूने विचारलं.

अक्का बटणं गोळा करत राहिली.

"आत्या, पुढच्याचा चेहरा कुठाय?"

"तो नाही."

"हरवला?"

"गिळला मी."

खारूने ध्वनिमुद्रण सुरू असल्याची खात्री केली.

"शेवटचा तोच राहिला होता," अक्का म्हणाली. "कापला आणि दारावर धपाधप थापा. ब्लेड पिठात खुपसलं. चेहरा हातात. कुठे ठेवणार? अंगाची झडती घ्यायच्या पोलिसांतल्या बायका. टाकला तोंडात. घशात अडकला मेला, वर पाणी प्यायचीही चोरी. डोळ्यांतून पाणी आलं, तर त्या म्हणतात, रडायला काय झालं, अजून काही केलं नाही आम्ही."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदराने तोंड दाबलं. ती हसत होती की काय कोण जाणे.

"कोण होता तो, आत्या?" दातवाल्याने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

अक्काने गॅलरीकडे पाहिलं. भाऊने वळून पाहिलं नाही.

"तुझा बाप," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त पोलिस त्याच्याच मागे होते."

*

भाऊ आत आला. चेहरा लाल झाला होता, पण आवाज सभेत लावायचा तसा लावला होता. "अक्काचं वय झालंय. तिला आठवत नाही. चेहरा नाही, निगेटिव्ह नाही, आणि पोटात गेलेल्या कागदाचा पुरावा देताय मला? तो फलक मी धरला होता. पन्नास वर्षं जग सांगतंय."

"जग सांगतंय. तुम्ही कधी सांगितलंत, बाबा?" खारू म्हणाली. "तुमच्या सगळ्या मुलाखती मी ऐकल्यात. लोक म्हणतात, तो फोटोतला तुम्ही ना? आणि तुम्ही हसता. एकदाही 'हो' म्हटलेलं नाही."

"आता म्हणतो. हो. लिही."

"लिहिते. दोन साक्षी, दोन्ही वेगळ्या. मग नियमाने मला 'अज्ञात' लिहावं लागेल."

"घाल मग अज्ञात! पण याच्या बापाचं नाव तिथे येणार नाही. लोकांच्या तोंडचा घास काढून आत गेलेला माणूस भिंतीवर लावायचा? जे उपाशी राहिले त्यांची नातवंडं येतील त्या खोलीत, त्यांना काय सांगशील?"

"काका, तुम्हाला लोकांची काळजी आहे की त्या पेंटरने काढलेल्या मिश्यांची?" दातवाला उसळला.

"जीभ सांभाळ!"

"ओरडू नका रे," वहिनी म्हणाली. "शेजारी ऐकतात." मग ती पदराला हात पुसत टेबलाशी आली आणि मोर्चाच्या फोटोवर वाकली. तिला या घरात कोणी मत विचारत नसे. त्यामुळे तिलाही विचारून बोलायची सवय नव्हती. "मी म्हणते, हा फोटो काढला कोणी?"

"अज्ञात," खारू म्हणाली. "मी बाबांना विचारलं होतं. असेल कोणीतरी, म्हणाले."

"कोणीतरी? चळवळीकडे कॅमेरा होता कितीसा? एक. तो कोणाच्या गळ्यात असायचा हे मला विचारा." वहिनीने नवऱ्याकडे बोट केलं. "आमच्या लग्नात हा कॅमेरा घेऊन हिंडत होता. सगळ्यांचे फोटो काढले. अल्बममध्ये नवरी आहे, वऱ्हाड आहे, नवरा नाहीच. माझी मावशी विचारायची, एकटीच उजवलीस का गं? आणि मला सांगताय हा मोर्चात पुढे बांबू धरून चालला होता. मग फोटो काय बांबूने काढला?"

खारूने हळूच आपले हातमोजे काढले. अभिलेखागारात इतकी वर्षं घालवून तिला हा प्रश्न पडला नव्हता, आणि आईला भांडी घासता घासता पडला होता.

भाऊ खाली बसला.

हा माणूस खोटारडा नव्हता. हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याला स्वतःला ते त्या क्षणी खरं वाटत नव्हतं. संघटनेची चिटणिसी त्याने नेकीने केली होती, लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंगात जाऊन आला होता. पण प्रत्येक सभेत, मोर्चात, फाटकावर तो डोळ्याला कॅमेरा लावून उभा होता, आणि सगळं संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की हजारो माणसांच्या त्या ढिगात आपण कुठेच नाही. बटणांच्या डब्यातही नाही. मग कोणा वार्ताहराने त्या बिनचेहऱ्याच्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, हे तुम्हीच ना? जागा रिकामी होती. ज्याची होती त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. भाऊ हसला. पुढचं सगळं लोकांनी केलं.

"मी काही मागितलं नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, कोणाचं काय जातंय."

"याचं गेलं," अक्काने दातवाल्याकडे मान केली.

"आणि तू? तुला ठाऊक होतं ना? तू का मूग गिळून बसलीस इतकी वर्षं?"

"राग," अक्का म्हणाली. "त्याला वाचवायला कागद गिळला मी. आणि वर्ष उलटायच्या आत तो मान खाली घालून माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून आत गेला. मी फाटकावरच बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, बरं झालं गिळला. नको राहायला त्याची खूण. मग तू त्याच्या जागी उभा राहिलास, तर म्हटलं, राहू दे. तुझं खोटं मला सोयीचं पडलं, भाऊ."

*

पाऊण तास नुसता मजकूर ठरवण्यात गेला. आणि गंमत अशी, की आता भांडणाच्या जागाच बदलल्या.

खारूने वाचून दाखवलं: "फलक धरलेला: अण्णांचा धाकटा मुलगा, बॉयलर कामगार." तिथे पूर्ण नाव येणार होतं. "पुढच्या वर्षीच्या संपात हा कामावर परतला."

"ते दुसरं वाक्य कशाला?" दातवाला म्हणाला. "फोटो मोर्चाचा आहे. संपाचं इथे काय काम?"

"काम आहे," अक्का म्हणाली.

"आत्या, तू आता माझ्या बाजूने बोललीस ना?"

"मी तुझ्या बाजूने नाही बोलले. काय झालं ते बोलले. तो पुढे चालला, हेही झालं. तो आत गेला, हेही झालं. एक घालायचं आणि एक पुसायचं तर मीच बरी होते ब्लेड घेऊन."

"लोक दुसरंच वाक्य वाचतील. पहिलं कोणी वाचणार नाही."

"वाचू देत. इतकी वर्षं पहिलं वाक्य नव्हतंच."

दातवाल्याने भाऊकडे पाहिलं. का ते त्याचं त्यालाही कळलं नसतं. त्या घरात त्याच्या बापावर रागावण्याचा सगळ्यांत जास्त हक्क या माणसाने गाजवला होता. भाऊने फोटोतल्या भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "का गेला, ते कोणी विचारलं का त्याला? विचारलं नाही. अण्णांनीही नाही. मीही नाही. खारू, तेही लिही. कामावर परतला. का, ते त्याला कोणी विचारलं नाही."

"असं अभिलेखात लिहीत नाहीत, बाबा."

"मग तुझ्या अभिलेखात काय लिहितात? साक्षीने लिहितात ना? ही माझी साक्ष आहे. घाल."

खारूने लिहिलं. दातवाला चष्मा पुसत राहिला. कितीतरी वेळ पुसला तरी तो साफ होईना. शेवटी म्हणाला, "असू दे. दोन्ही असू दे. सही कुठे करायची?"

"आणि छायाचित्रकार?" खारूने विचारलं. तिला विचारायला जड गेलं, पण रकाना रिकामा होता.

"घाल," भाऊ म्हणाला. "माझं नाव घाल." मग जरा थांबून, "भिंतीवरच्या मिश्या मी पुसायला सांगेन उद्या."

"पेंटर मेला तो," अक्का म्हणाली.

"दुसरा बघेन."

वहिनी मनातल्या मनात सुटली. खोकी येत नव्हती. तिने चहाचं दुसरं आधण ठेवलं आणि पुतण्याला साखर किती घालू म्हणून पहिल्यांदा विचारलं. तो दातवाला असल्यामुळे त्याने अर्थातच नको म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "घे रे, एक दिवस काही दात पडत नाहीत."

भाऊ टेबलाशी एकटा बसला होता. मोर्चाचा फोटो त्याने हळूच आपल्याकडे ओढला. मागे आता सगळ्यांना चेहरे होते. बायका, बाप्ये, टोपीवाला, सगळे रस्त्याकडे, पुढे बघत होते. फक्त त्या एका भोकातून टेबलावरचं पांढरं कापड दिसत होतं.

"अक्का," त्याने हाक मारली. "तू कापलास तेव्हा नीट बघितला असशील ना गं त्याला?"

"बघितल्याशिवाय कसा कापणार?"

"कसा होता? म्हणजे, फोटोत. मला आठवत नाही. मी तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेतून बघत होतो, सगळं चौकटीत बसतंय की नाही ते बघत होतो. त्याच्याकडे बघितलंच नाही. निगेटिव्ह धुतल्या त्या घाईत, छापल्या त्या अंधारात."

अक्काने वाकडी बोटं मांडीवर ठेवली. हे तिला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तो चेहरा कागदावर पाहिलेली ती एकटी होती. ती गेली की तो पुन्हा कोणी बघणार नव्हतं.

"बाकीचे सगळे पुढे बघतायत ना, तसा तो बघत नव्हता," ती म्हणाली. "मोर्चा, पोलिस, कशाकडे त्याचं लक्षच नव्हतं. मान जरा वळवलेली, दात सगळे बाहेर. तुला वेडावत होता, भाऊ. हातात एवढा फलक, आणि तो तुझ्याकडे बघून हसत होता."

भाऊने फोटोवरचा हात काढला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि रडला. सगळ्यांसमोर, मोठ्याने, लहान मुलासारखा. कोणी त्याला थांबवलं नाही. खारूचं ध्वनिमुद्रण चालूच होतं. तिचा हात बंद करायला पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला.